गाडीचा आवाज आणि बाबांचे कान

रामबाग, इंदूर
रविवार

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, गाडी विकायची नाही. परवा दादाने तुमचा निरोप दिला, "इंजिन बसलं असेल तर भंगारात देऊन टाक, पोरीच्या डोक्याला ताप नको." इंजिन बसलेलं नाही. आवाज कुठून येतो ते मला सापडलंय. फोनवर सांगायला घेतलं की तुम्ही "हं, हं" करता आणि मग आईला विचारता, काय म्हणाली? म्हणून लिहितेय. सावकाश वाचा.

तुम्ही बडोद्याला गेल्यावर मी गाडी आधी जवळच्याच एका गॅरेजमध्ये नेली. त्याने बोनेट उघडलं, रेस दिली आणि लगेच निकाल दिला, "दीदी, बेरिंग गई, इंजन खुलेगा." कशावरून, ते मात्र त्याला सांगता येईना. ज्याला कारण सांगता येत नाही त्याच्या हाती तुमची गाडी द्यायला माझं मन तयार झालं नाही. मी ती परत आणली आणि स्वतःच मागे लागले.

जुन्या इंजिनातून ठोका यायला लागला की लोक एकदम बेअरिंगवर उडी मारतात. पण प्रत्येक आवाजाची जागा वेगळी, वेळ वेगळी आणि खर्चही वेगळा. कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग झिजलं की आवाज तळातून येतो, जड, धड्-धड्. चढावर वाढतो, सोबत बहुधा तेलाचा लाल दिवा लुकलुकतो. तसा आवाज आला तर गाडी तिथल्या तिथे बंद करून ओढूनच न्यायला हवी, नाहीतर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, खराब होते. पिस्टन सैल असेल तर सकाळी थंड इंजिनात टकटक होते आणि गरम झाल्यावर पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम फुगून आवाज कमी होतो. तशी गाडी पुढे बरीच वर्षं चालू शकते. टॅपेटचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या भागाचा, आवाज वरून येतो, बारीक टिकटिक, आणि इंजिनाच्या निम्म्या गतीने, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत झडपा चालवणारी कॅमशाफ्ट एकदाच फिरते. एक्झॉस्टची गॅस्केट फुटली तरी हुबेहूब तशीच टिकटिक येते.

मी सगळ्यात आधी पुढचा पट्टा उतरवून इंजिन थोडा वेळ चालवलं. आवाज तसाच होता, म्हणजे अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही निर्दोष. मग तुमचा तो लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. मूठ कानापुढच्या हाडाला टेकवली आणि टोक इंजिनावर एकेका जागी ठेवत गेले. खालच्या ऑइल चेंबरपाशी एकसारखी घरघर होती, ठोका नव्हता. टॅपेट कव्हरवर मधल्या सिलिंडरपाशी टोक ठेवलं आणि टिकटिक सरळ डोक्यात वाजायला लागली. दर वेळी इंजिन बंद करून एकेका प्लगची वायर काढली, अर्थिंगला लावली आणि पुन्हा चालू करून ऐकलं. बेअरिंग खराब असतं तर त्या सिलिंडरचा जोर गेल्यावर ठोका मऊ पडला असता. काही फरक पडला नाही. तेल काढून पांढऱ्या सुती कापडातून गाळलं आणि ते कापड उन्हात धरून पाहिलं. काळपट डाग होते, पण तांब्याची चकाकी कुठेही नव्हती. एवढ्यावर माझी खात्री पटली की इंजिन तळातून शाबूत आहे.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनाचं कव्हर उघडलं. मधल्या एक्झॉस्ट टॅपेटचा लॉकनट बोटाने हलत होता. जिथे मिलिमीटरच्या दोन दशांशाहून जास्त फट नको, तिथे फट मोजायच्या फिलर गेजची जाड पाती सरकन आत गेली. तीनही सिलिंडरची फट जुळवली, नट कसले, आणि टिकटिक गेली.

पण आई, तू म्हणत होतीस तो आवाज हा नव्हताच. तू सांगायचीस की ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाट चढताना गाडी कुरकुरते, पुन्हा सपाटीवर गप्प होते. बाबा म्हणायचे, "मला तर काही ऐकू येत नाही, तुला उगाच वाटतं." मी पिपलियाहानाच्या पुलावर चढताना मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगात पेडल दाबलं. लगेच आला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. पेडल सोडलं की बंद. आई, तुझं शंभर टक्के खरं होतं.

त्याला मेकॅनिक लोक पिंगिंग म्हणतात. प्लगची ठिणगी पडल्यावर ज्वाळा सिलिंडरभर शिस्तीत पसरायला हवी. ती कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत तिथलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, की दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटते. आपल्याला ऐकू येते ती त्या लाटेची थरथर. ती बराच काळ चालू राहिली तर पिस्टन खरोखर जळतो, म्हणून दुर्लक्ष करून चालणार नव्हतं.

कारणं एकाहून जास्त निघाली. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर कुणीतरी नको इतका पुढे फिरवून ठेवला होता, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत होती. टायमिंग लाइट लावून तो जागेवर आणला. प्लगचं पोर्सिलेन हलकं तपकिरी असायला हवं, ते खडूसारखं पांढरं पडलं होतं. मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याची ही खूण. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची ताकद, पेट्रोलपेक्षा जास्त, त्यामुळे एकट्या इथेनॉलने पिंगिंग वाढत नाही. पण इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, आणि 1998 च्या गाडीच्या कार्ब्युरेटरला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, ते कळत नाही. तो जुन्याच मापाने हवा देतो आणि इंजिन जास्त तापतं. त्याचं जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक भोक, साफ करून मिश्रण थोडं दाट केलं. इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप कडक होऊन चिरतात, म्हणून टाकीपासून पंपापर्यंतचे सगळे पाइपही बदलून घेतले. पिस्टनवर थोडा कार्बन आहे. गाडी वर्षानुवर्षं रामबाग ते राजवाडा एवढीच फिरली, पूर्ण गरमच झाली नाही, तर तो साठणारच. तो लांबच्या रस्त्याने हळूहळू जाईल. आता पुलावर खळखळ होत नाही.

बाबा, आता मुख्य गोष्ट. आपली गाडी 796 सीसीची, तीन सिलिंडरची, प्रत्येकाचा व्यास 68.5 मिलिमीटर. एवढ्या सिलिंडरमध्ये पिंगिंगचा सूर साधारण सात-आठ हजार हर्ट्झच्या आसपास असतो. टॅपेटची टिकटिकही बारीक, उंच सुराची. वयाबरोबर कान आधी याच उंच सुरांना मुकतो आणि खालचे सूर मागाहून जातात. तळातला जड ठोका तुम्हाला नक्की ऐकू आला असता, पण हे दोन्ही आवाज तुमच्या कानात शिरलेच नाहीत. आईच्या कानात शिरले.

त्यात तुम्ही पिथमपुरात लागायच्या आधी ऐन तारुण्यात मिलच्या विणाईखात्यात उभे होतात. शेकडो मागांचा तो खडखडाट आठ-आठ तास, कानात बोळासुद्धा नाही. आठ तासांच्या कामाला 90 डेसिबलची मर्यादा असते आणि मागांच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जायची. अशा आवाजाने 4000 हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं आधी जातं. बोलण्यातली स, श, फ, थ ही व्यंजनं उंच सुरांतच असतात. म्हणूनच आई काहीतरी बोलतेय हे तुम्हाला कळतं, पण काय ते कळत नाही. तुम्ही तिला "नीट बोल" म्हणता, आणि तिने आवाज चढवला की "ओरडू नको" म्हणता. दोघंही दुखावता. मला ते इथे बसून फार लागतं. तुम्ही हट्टी नाही आणि आई तापट नाही.

तुम्हाला ऐकू येत नाही याचं मला दुःख आहे, पण तुम्ही हळूहळू गप्प होत चाललाय याची काळजी जास्त आहे. सणावाराला सगळे गप्पा मारत असतात तेव्हा तुम्ही पेपर उघडून बसता. ऐकणं कमी झालेला माणूस एकटा पडतो, आणि उतारवयात विस्मरणाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत डॉक्टर ऐकू न येणंही धरतात.

तेव्हा बडोद्याला आहात तोवर कान तपासून घ्या. सयाजी हॉस्पिटलात कान-नाक-घसा विभाग आहे, नाहीतर दादा ओळखीतला डॉक्टर बघेल. आधी मळ आहे का ते पाहतील, कधी कधी तेवढंच असतं. मग बंद खोलीत हेडफोन लावून 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंत एकेक सूर ऐकवतील. ऐकू आला की बटण दाबायचं. दुखत नाही, टोचत नाही. यंत्र लागलंच तर दोन्ही कानांचं घ्या. पैशाचा विचार करू नका, इंजिन उघडायचे पैसे वाचलेत. सुरुवातीला भांड्यांचा आणि पंख्याचा आवाज त्रास देईल, पण काही आठवड्यांत मेंदूला सवय होते. पहिल्याच दिवशी काढून कपाटात ठेवू नका, एवढं माझ्यासाठी करा.

आई, डॉक्टरांसमोर "तसं चांगलं ऐकू येतं हो" असं बाबा म्हणतील, तेव्हा तू खरं काय ते सांग. आणि तपासणीचा आलेख असलेला कागद दादाला फोटो काढून पाठवायला सांग, मला तो बघायचाय.

गाडीचा टायमिंग बेल्ट मी या आठवड्यात बदलून घेतेय, कारण मागचा कधी बदलला ते तुमच्या वहीत सापडलं नाही. नोंदणी 2028 पर्यंत आहे, तिची चिंता नको.

दादा-वहिनींना नमस्कार, छोट्याला गोड पापा.

तुमची,
मनू