मुग्धा, गाडी निघण्याआधी

इंदूर, गुरुवार सकाळ

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

मी देवास नाक्यावरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसला निघते तेव्हा तू झोपलेली असतेस, आणि मी घरी येते तेव्हा तुझी कॅब दारात उभी असते. म्हणून हे कागदावर. परवा तुझी अमेरिकेतल्या ट्रकांच्या डिस्पॅचिंगच्या ट्रेनिंगची वही टेबलावर उघडी होती, ती वाचली. रागावू नकोस, गाड्यांचा हिशेब दिसला की माझा हात थांबत नाही. अर्थ सगळे बरोबर लिहिलेस, पण पैसे कुणाच्या खिशातून जातात हे एकाही शब्दापुढे नाही. डिस्पॅचरला, म्हणजे गाड्यांना माल लावून देणाऱ्याला, आधी तेच ठाऊक असायला हवं, मग गाडी अमेरिकेतली असो की आपल्या आग्रा-मुंबई रोडवरची.

'डेडहेड'पुढे तू 'रिकामी गाडी' लिहिलंस. ठीक. आता समज, ब्रोकर (मालवाला आणि गाडीवाला यांच्यातला दलाल) म्हणाला ६०० मैलांचा लोड आहे, १५०० डॉलर देतो. मैलाला अडीच डॉलर, ऐकायला छान. पण तुझी गाडी तिथून १५० मैलांवर उभी आहे आणि डिझेल रिकाम्या गाडीलाही लागतं. म्हणजे झाले ७५० मैल आणि मैलाला दोनच डॉलर. शिवाय गाडी जिथे खाली होणार तिथून परतीचा माल आहे का? फ्लोरिडात माल जातो फार, निघतो कमी. म्हणून तिकडे जायचं भाडं चढं मागायचं. आमचे गाडीमालक हेच करतात. पीथमपूरहून मुंबईला जायचं तर थोडं सोडतात, कारण येताना गाडी भरून येते. आडगावाला जायचं म्हटलं की तोंड वाकडं करतात आणि येण्याचं भाडंही जाण्यातच लावतात.

मग ड्रायव्हरच्या तासांच्या नियमातले ते ११, १४, १० आकडे. तंबोलाच्या तिकिटासारखे नुसते ओळीने लिहून ठेवलेस, त्याने काही व्हायचं नाही. एक दिवस मांडून बघ. ड्रायव्हरने सकाळी सहाला ड्युटी सुरू केली, ते १५० मैल तीन तासांत कापले आणि नऊला गोदामाच्या गेटवर लागला. भरायला तीन तास लावले, बाराला सुटला. ११ तास चालवायची मुभा, त्यातले तीन गेले, उरले आठ. पण ते ११ तास ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आतच बसवायचे, आणि १४ तासांचं घड्याळ गोदामात उभं राहिल्याने थांबत नाही. रात्री आठला ते संपणार. (स्लीपर बर्थमध्ये, म्हणजे केबिनमधल्या झोपायच्या जागेत, विश्रांती दोन तुकड्यांत घेण्याची सोय आहे, ती नंतर शीक.) आठ तासांत ५५ च्या सरासरीने ४४० मैल होतील. मग सलग १० तास आराम, उरलेले १६० मैल दुसऱ्या दिवशी. म्हणजे ब्रोकरने फोनवर 'आज रात्री पोचेल ना?' विचारलं तर तिथल्या तिथे नाही म्हणायचं. 'बघते, सांगते' नाही. तिकडे २०१७ च्या डिसेंबरपासून बहुतेक गाड्यांत इंजिनला जोडलेलं यंत्र वेळ नोंदवतं, चालवलेला वेळ त्यातून खोडता येत नाही. आणि नियम मोडायला ड्रायव्हरवर दबाव आणणं हाच २०१६ पासून वेगळा गुन्हा धरतात. आपल्याकडेही कायद्यात दिवसाला आठ तास लिहिलेत. सेंधव्याच्या घाटात रात्री ते कोण पाळतं, ते मला विचारू नकोस.

आता त्या गोदामातल्या तीन तासांचं बोलू, कारण नव्या पोरांचे पैसे बुडतात ते इथेच. बहुधा पहिले दोन तास फुकट, पुढे ताशी डिटेंशन, म्हणजे गाडी खोळंबल्याचे पैसे. पण रेट-कन्फर्मेशनमध्ये, म्हणजे भाडं ठरल्याच्या ब्रोकरच्या कागदात, तशी ओळ असेल तरच. नसेल तर सही करण्याआधी घालून घे, गाडी निघाल्यावर कोणी ऐकत नाही. आल्याची आणि गेल्याची वेळ कागदावर गोदामवाल्याच्या सहीने हवी, आणि फुकटचे तास संपायच्या आत ब्रोकरला मेल गेलेला हवा. रात्रभर थांबवलं तर लेओव्हर, गाडी निघाल्यावर लोडच रद्द केला तर 'ट्रक ऑर्डर नॉट यूज्ड'. सगळ्याला तोच न्याय. लंपर म्हणजे आपली हमाली. पावती नाही तर परतावा नाही.

माझ्या टेबलावर दिवसभर पोचा येतात, माल मिळाल्याच्या सही-शिक्क्याच्या पावत्या. पोचेवर चहाचा डाग चालतो, पुसट शिक्का चालत नाही. कोपऱ्यात कोणी तिरक्या अक्षरात 'दोन कार्टन ओले' लिहिलेलं असतं, ड्रायव्हरने वाचलेलंही नसतं, आणि पार्टी बाकीचं भाडं दाबून बसते. आमच्याकडे निदान बरंचसं भाडं गाडी भरतानाच अ‍ॅडव्हान्समध्ये आलेलं असतं. तिकडे माल पोचवून कागद दिल्यावर पैसे, तेही बहुधा महिन्याने. म्हणून तर लहान गाडीमालक बिल फॅक्टरिंगवाल्याला, म्हणजे लगेच पैसे देणाऱ्याला, विकून थोडी कट सोसतात. तेव्हा गाडीने गोदामाचा डॉक सोडण्याआधी बिल ऑफ लेडिंगचा (आपली बिल्टी) फोटो मागव आणि तो मोठा करून कोपऱ्यापर्यंत वाच. 'शिपर लोड अँड काउंट' लिहिलं असेल तर माल पार्टीने भरला नि मोजला, ड्रायव्हरने नाही. मग सीलचा नंबर कागदावर आणि दारावर एकच आहे ना, एवढं बघ.

रीफरचं, म्हणजे थंड डब्याच्या गाडीचं, तापमान ३४ दिसलं तर घाबरू नकोस, फॅरनहाइट आहे ते. आपलं एक अंश.

ब्रोकरबद्दल मात्र सावध. आपल्याकडे एक भाडं दोन-तीन हातांतून फिरतं आणि कोणाला काही वाटत नाही. तिकडे कॅरिअर (गाडीवाला) म्हणून लोड घ्यायचा आणि गुपचूप दुसऱ्याला द्यायचा, हे डबल ब्रोकिंग. बेकायदा आहे आणि खऱ्या गाडीवाल्याचे पैसे त्यातच अडकतात. ब्रोकरला परवाना लागतो, वर ७५,००० डॉलरचा बाँड. त्याचा परवाना सरकारी साइटवर फुकटात दिसतो. फोनवर कितीही गोड बोलला तरी आधी तो बघायचा. आणि रेट-कन्फर्मेशन ज्या मेलवरून आलं तो पत्ता त्याच कंपनीचा आहे का, तेही.

एक विचारायचं राहिलं. तुला पगार ठरलेला आहे की लोडमागे टक्का? टक्का असेल तर तो नुसत्या भाड्यावर धरतात की डिटेंशन धरून, हे नेमणूकपत्रात कुठे लिहिलंय ते काढून ठेव. रविवारी दुपारी बसू.

तुझी,
आई