वाणी जयराम यांच्याविषयी, चेन्नईतल्या मुलीस

मिरज

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर जे सांगितलेस त्याला मला लगेच उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. एका संगीतकाराने तुझ्याकडून एकच ओळ सकाळभर गाऊन घेतली आणि प्रत्येक वेळी तुझी मुरकी, ती स्वराभोवतीची बारीक गिरकी, काढून टाकायला सांगितली. त्याच आठवड्यात दुसऱ्याने माइकच्या अगदी जवळ उभे करून कुजबुजल्यासारखे गायला लावले. आणि तिसऱ्याकडे तू गायलीस तो नुसता ट्रॅक होता, त्या जागी पुढे दुसऱ्याच गायिकेचा आवाज आला. "बाबा, यातला माझा आवाज कोणता हेच मला कळेनासे झाले आहे," असे तू म्हणालीस आणि गप्प झालीस. तुझी पहिली गुरू तुझी आई. गळ्याविषयी बोलण्याचा अधिकार तिचा. मी केवळ ऐकणारा माणूस आहे. परंतु ऐकणाऱ्याच्या बाजूने मला एक गोष्ट ठाऊक आहे, आणि ती मला तू आज राहतेस त्याच शहरात कळली.

१९७८ साली रेल्वेच्या हिशेब खात्यातून माझी दोन वर्षांसाठी मद्रासला बदली झाली होती. माम्बलम स्टेशनजवळ मी खोली घेतली होती आणि खाली चहाच्या दुकानात दिवसभर रेडिओ चालू असे. तमिळ मला येत नव्हते, त्यामुळे गाणी मी केवळ सुरांवर ऐकत होतो. एक गाणे तेव्हा दिवसातून तीनचार वेळा लागायचे, "नित्तम् नित्तम् नेल्लु सोरु". चाल अशी, की एखादी गावातली बाई चुलीपुढे बसून सहज गात आहे असे वाटावे. कचेरीतल्या एका तमिळ सहकाऱ्याला मी अर्थ विचारला. तो हसत म्हणाला, की यात रोजचा भात आहे, तुपाचा वास येणारी वांगी आहेत आणि काल केलेले माशाचे कालवण जीव ओढून घेते असे ती बाई म्हणते आहे. चित्रपट "मुळ्ळुम् मलरुम्", संगीतकार इळैयराजा. गायिका कोण, असे विचारल्यावर त्याने सांगितले, "वाणी जयराम".

माझा विश्वासच बसेना. "ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी" हे आपल्या घरात किती वेळा लागते ते तुला माहीत आहे. "देव दीनाघरी धावला" या नाटकातले बाळ कोल्हटकरांचे ते पद वसंत देसाईंनी कुमार गंधर्वांबरोबर ज्या तरुण गायिकेकडून गाऊन घेतले, ती हीच. कुमारजींच्या शेजारी उभे राहून इतक्या संयमाने गाणारा तो गळा मी वर्षानुवर्षे ऐकला होता, आणि कालवणाच्या गाण्यात तो मला ओळखता आला नव्हता. त्या दिवसापासून मी मद्रासमध्ये त्यांचे गाणे लागले की हातातले काम ठेवून ऐकू लागलो.

त्यांचा जन्म १९४५ सालचा, वेल्लूरचा. मूळ नाव कलैवाणी, मातृभाषा तमिळ, लहानपणापासून कर्नाटक संगीताची कसून तालीम. पुढे स्टेट बँकेत नोकरी, लग्नानंतर मुंबई, आणि मुंबईत पतीच्या आग्रहावरून पतियाळा घराण्याचे उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे हिंदुस्तानी शिक्षण. कर्नाटक गळ्यावर ठुमरी आणि गझल चढवायची म्हणजे काय करावे लागते, हे तुझी आई तुला माझ्यापेक्षा नीट सांगेल. त्या रियाजासाठी त्यांनी बँकेची नोकरी सोडली, एवढे मला पुरेसे बोलके वाटते. १९७१ मध्ये "गुड्डी" आला आणि वसंत देसाईंच्याच मियाँ मल्हारातल्या "बोले रे पपीहरा" या गाण्याने त्यांचे नाव देशभर झाले. म्हणजे एका तमिळ मुलीचा गळा सिनेमापर्यंत आणला तो आपल्या एका मराठी संगीतकाराने, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

इतके होऊनही तमिळमध्ये सुरुवात सोपी नव्हती. त्यांचे पहिले तमिळ गाणे एस. एम. सुब्बय्या नायडू यांच्याकडचे. तो चित्रपट पडद्यावर आलाच नाही. तुझ्या ट्रॅकविषयी बोलताना मला हे आठवले. शिवाय त्या काळी तमिळमध्ये पी. सुशीला अग्रस्थानी होत्या आणि पुढे इळैयराजा आले तेव्हा त्यांच्या मनातला स्त्री-आवाज प्रामुख्याने एस. जानकींचा होता. अशा दोन थोर गळ्यांच्या काळात जिला उभे राहायचे, तिला समोर येईल ते गाणे त्या गाण्याच्या अटीवर गावे लागणार होते.

ती जागा त्यांना मिळाली एम. एस. विश्वनाथन यांच्याकडे. १९७४ च्या "दीर्घ सुमंगली"मधले "मल्लिगै एन् मन्नन् मयंगुम्" तू आवर्जून ऐक. मोगऱ्याचे फूल माळलेली एक गृहिणी आपल्या नवऱ्याला गाते आहे, आणि सुखाचे गाणे असूनही ते कुठे मोठ्याने होत नाही. विश्वनाथन पेटी घेऊन बसत आणि चाल स्वतः गाऊन, एका ओळीचे अनेक पर्याय करून दाखवत. त्यांच्यापुढे गाणाऱ्याला स्वर तर उचलावे लागतच, पण ते गाताना त्यांच्या आवाजात जो भाव येई तोही उचलावा लागे. पुढल्याच वर्षी "अपूर्व रागंगळ" आला. के. बालचंदर यांचा चित्रपट, कण्णदासन यांचे शब्द, पडद्यावर गायिकेच्या भूमिकेत श्रीविद्या, ज्या स्वतः एम. एल. वसंतकुमारी यांच्या कन्या. अशा अभिनेत्रीसाठी मैफिलीतले गाणे गायचे म्हणजे थोडासा खोटेपणाही लपणार नव्हता. "एळु स्वरंगळुक्कुळ्" ही रागमालिका आहे. सात सुरांत किती म्हणून गाणी, असा तिचा आरंभ. एकेका रागातून दुसऱ्यात जाताना वाणीबाई कुठेही आपली विद्या पुढे करत नाहीत, शब्द पुढे राहतो. या चित्रपटासाठी त्यांना पार्श्वगायनाचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. "एळु" या शब्दातला तमिळ ळ आपल्या ळ पेक्षा आणखी मागे, जीभ वळवून उच्चारायचा असतो. तो तुला अजून नीट साधत नाही असे तूच म्हणाली होतीस. या गाण्याचा पहिला शब्दच त्यासाठी रोज ऐकत जा.

के. व्ही. महादेवन यांची रीत निराळी होती. आधी शब्द, मग चाल, हा त्यांचा नेम. कवीने लिहिलेल्या ओळीतच चाल दडलेली असते, अशा श्रद्धेने ते काम करत. वाणीबाईंचे उरलेले दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्याकडच्या गाण्यांचे, "शंकराभरणम्" आणि "स्वाती किरणम्" या तेलुगू चित्रपटांतले. हे तमिळच्या बाहेरचे असले तरी मुद्दाम सांगतो, कारण कर्नाटक तालमीचा पुरता कस लागला तो तिथेच. शंकर–गणेश यांचे "पालैवन सोलै"मधले "मेगमे मेगमे" (१९८१) मात्र थेट गझलच्या वळणाने जाते, आणि तिथे मुंबईत उस्तादांपुढे घालवलेले दिवस कामाला आले असे मला नेहमी वाटते.

इळैयराजांविषयी तुला मी काही शिकवावे असे नाही. सगळ्या वाद्यांचे आणि गळ्याचेही स्वर ते आधीच कागदावर लिहून आणतात, हे तू त्या गावात राहून माझ्यापेक्षा जास्त ऐकले असशील. लिहिलेल्या स्वरांत आपली मुरकी घालायला जागा नसते. पण त्याच लेखणीतून निघालेली तीन गाणी पाठोपाठ ऐकून पाहा: ते कालवणाचे गाणे, १९७९ च्या "अळगे उन्नै आरादिक्किरेन्"मधले पाश्चात्त्य ठेक्यावरचे "नाने नाना यारो ताना", आणि १९८६ च्या "पुन्नगै मन्नन्"मधले "कवितै केळुंगळ्" हे नृत्यगीत, ज्यात लय सारखी रूप पालटते आणि श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. पहिल्यात गावाकडची बाई आहे, दुसऱ्यात शहरी धुंदी आहे, तिसऱ्यात नर्तकीचे पाय आहेत. मुरकीला जागा नसतानाही तीन वेगळी माणसे उभी राहिली, ती स्वर धरण्या-सोडण्याच्या पद्धतीतून आणि शब्दांवरच्या वजनातून. त्या संगीतकाराने तुझी मुरकी काढायला लावली तेव्हा तुझे काही हिरावले गेले असे तुला वाटले; मला वाटते, त्याने तुझ्याकडे दुसरे काय आहे असे विचारले होते.

त्या काळी ध्वनिमुद्रणाच्या वेळी वादक आणि गायक एकत्र असत आणि एकाची चूक झाली की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागे. ए. आर. रहमान यांच्याकडे गायक बहुधा एकटा गातो, अनेकदा गातो, आणि त्यातले काय ठेवायचे ते नंतर ठरते. हे तुझ्या रोजच्या अनुभवाशी जुळणारे आहे. वाणीबाईंनी तेही केले. १९९४ मध्ये एस. पी. बालसुब्रह्मण्यम् यांच्याबरोबर "इदु सुगम् सुगम्", आणि २०१४ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, "काविय तलैवन्"साठी जुन्या तमिळ संतकवी अरुणगिरीनाथरांचे तिरुप्पुगळ, म्हणजे मुरुगनाची भक्तिपदे. ज्यातल्या छंदांना भलेभले गायक बिचकतात, ते त्या वयात त्यांनी इतके स्वच्छ म्हटले आहे की मी ते ऐकताना उठून उभा राहिलो होतो.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. माम्बलमच्या त्या दुकानात मला आवाज ओळखता आला नाही, हे खरे. पण सहा महिने लक्ष देऊन ऐकल्यानंतर मला तो कुठल्याही गाण्यात पहिल्या ओळीलाच ओळखू येऊ लागला. कशावरून, याचा मी पुष्कळ विचार केला. त्यांचे व्यंजन कधी सांडत नाही. ओळीचे शेवटचे अक्षर त्या सोडून देत नाहीत, त्याला स्वरावर ठेवूनच पुढे जातात. आणि वरच्या पट्टीतला स्वर हलत नाही. विश्वनाथन, महादेवन, शंकर–गणेश, इळैयराजा, रहमान, यांपैकी कोणी या गोष्टी मुद्दाम मागितल्या असतील असे मला वाटत नाही, आणि काढून टाकायला तर कोणीच सांगितले नसेल. तुझा आवाज कोणता ते आज तुला कळत नसेल, तर ते गाणाऱ्याला कदाचित सर्वांत शेवटी कळत असेल. तुझ्या त्या कुजबुजलेल्या गाण्याची फाइल तू आईला पाठवली होतीस. मी ती स्वयंपाकघरातून ऐकली, आणि कोणी न सांगता मला कळले की ती तू आहेस. "नाही" म्हणताना तू "ही"वर जरा थांबतेस, लहानपणापासून.

२०२३ च्या जानेवारीत वाणीबाईंना पद्मभूषण जाहीर झाले आणि ४ फेब्रुवारीला त्या गेल्या. त्या संध्याकाळी तुझ्या आईने "ऋणानुबंधाच्या" लावले होते. तू तेव्हा पुण्यात होतीस.

वर लिहिलेली गाणी मी सांगितली त्याच क्रमाने ऐक, एका बैठकीत नको, रोज एक. तंबोऱ्याची जवारी उतरली आहे, नाद नीट घुमत नाही, असे म्हणाली होतीस, तर चेन्नईत कोणाच्या हाती देऊ नकोस; दिवाळीला येताना बरोबर घेऊन ये, सतारमेकर गल्लीत मी सांगून ठेवले आहे. येण्याआधी एखाद्या रविवारी माम्बलमला जाऊन ये आणि स्टेशनजवळ ते चहाचे दुकान अजून आहे का, ते मला कळव.

तुझे
बाबा