नुसतं मोठं मशीन घेऊन काय होणार?

संपादक साहेब, स. न. वि. वि.

निकालाच्या दिवशी वेबसाईट बसते यावर तुमच्या पेपरात आलेलं वाचलं, पण त्यात सगळा भर 'सर्वरची क्षमता वाढवा' यावरच, म्हणून लिहितोय. मी याच लाईनीत आहे आणि भारीतलं मशीन असूनही साईट झोपलेली पाहिलीय.

होतं काय, की हजारो मोबाईल एकदम जोडलेले असतात पण त्या क्षणाला खरंच काही पाठवणारे थोडेच, बाकीचे कमी रेंजमुळे नुसते लटकलेले. प्रत्येकासाठी वेगळा थ्रेड (म्हणजे प्रोग्रॅममधला एक स्वतंत्र कामगार) धरून ठेवला की मेमरी तिथेच संपते. आणि कोणत्या कनेक्शनवर काही आलंय हे ऑपरेटिंग सिस्टीमला विचारायचा सिलेक्ट नावाचा जो १९८३ पासूनचा कॉल आहे तो म्हणजे एसटीच्या कंडक्टरने दर स्टॉपला मागच्या सीटपर्यंत जाऊन एकेकाला 'उतरायचंय का' विचारायचं, वर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर त्याची मर्यादा १०२४ कनेक्शनची. पोल नावाच्या तशाच दुसऱ्या कॉलमध्ये ती मर्यादा नाही, पण विचारत फिरणं तेच.

डॅन केगल या प्रोग्रॅमरने १९९९ मध्येच एका सर्वरवर दहा हजार कनेक्शन का पेलवत नाहीत हा प्रश्न मांडला होता. मग त्यावर उपाय म्हणून २००० मध्ये फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये केक्यू आलं, २००२ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये (म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात) ईपोल आलं. यात कोणावर लक्ष ठेवायचं ते कर्नलला एकदाच सांगायचं, ज्यांचं काही आलंय तेवढेच तो परत देतो, म्हणजे रिकामे बसलेले जवळजवळ फुकटात पडतात. व्हॉट्सॲपने २०१२ मध्ये फ्रीबीएसडीच्या एका मशीनवर २० लाखांच्या वर कनेक्शन धरून दाखवली ती उगाच नाही.

आता ईपोल म्हणजे जादू नव्हे. एज ट्रिगर मोड (नवीन काही आलं तेव्हाच कळवायचं) लावला आणि सॉकेट, म्हणजे कनेक्शनचं आपल्याकडचं टोक, पूर्ण रिकामं न करता अर्धं वाचून सोडलं, तर नवीन डेटा येईपर्यंत पुन्हा सूचनाच येत नाही, निकाल बघणारा बिचारा पोरगा फिरणारं चक्र बघत बसतो. आणि सगळ्या कनेक्शनकडे आळीपाळीने बघणाऱ्या त्याच लूपमध्ये कोणी डेटाबेसची क्वेरी उत्तर येईपर्यंत थांबून चालवली तर मागचे सगळे अडकले, मग प्रोसेसरचे कितीही कोअर असू देत (हे तर मी सर्रास बघतो).

टेंडरमध्ये रॅम आणि कोअर विचारतात, ठीक आहे, पण हजारो संथ, रिकामी कनेक्शन उघडी ठेवून टेस्ट केली का हेही विचारा ना, आणि ती टेस्ट ऑफिसच्या वायफायवर नको.

आपला एक वाचक,
पुणे