काचपात्रातील रेणू आणि रुग्णाची गोळी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हृदयविकाराशी संबंधित रिसेप्टर (पेशीवरील संदेश स्वीकारणारे प्रथिन) रोखणारा नवा रेणू सापडल्याची बातमी वाचली, की औषध जवळजवळ तयार झाले असे अनेकांना वाटते. म्हणून प्रयोग पेशींवर झाला, प्राण्यांवर की रुग्णांवर, हे बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात छापावे, अशी विनंती आहे.

ही विनंती काटेकोरपणाच्या हौसेपोटी नाही. ॲड्रेनॅलिन हृदयपेशींवरील बीटा रिसेप्टरला चिकटले, की पेशीत सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो आणि ठोके जलद व जोरकस पडतात. हा परिणाम रोखणारे प्रोप्रानोलॉल हे ‘बीटा ब्लॉकर’ गटातील औषध जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात घडवले. परंतु हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडते तेव्हा, ते देणे घातक मानले जाई, कारण आधीच थकलेल्या हृदयाचा जोर आणखी का कमी करायचा? तर्क बिनतोड होता. त्याच तर्काने सायक्लिक एएमपी वाढवणारे मिल्रिनोन गोळीच्या रूपात दीर्घकाळ देऊन पाहिले, तेव्हा १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मृत्यू २८ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. याउलट, अगदी अल्प मात्रेपासून हळूहळू वाढवत दिलेल्या बीटा ब्लॉकरमुळे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे १९९९ मधील दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले. ॲड्रेनॅलिनच्या अखंड माऱ्याने दुबळ्या हृदयाची हानीच होत होती, हे पेशीतील संदेशवहनाच्या अभ्यासातून उमगत गेले.

रॉबर्ट लेफ्कोवित्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना ज्या रिसेप्टर-संशोधनासाठी २०१२ चे नोबेल मिळाले, त्याच क्षेत्रातून पुढे एकाच रिसेप्टरचा हितकर संदेश चालू ठेवून अपायकारक संदेश थोपवण्याची कल्पना आकाराला आली. रक्तदाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिन या संप्रेरकाच्या रिसेप्टरवर असे काम करणारे टीआरव्ही०२७ हे प्रायोगिक औषध प्राण्यांत आशादायक ठरले, पण तीव्र हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत ते प्लासिबोहून, म्हणजे औषध नसलेल्या निष्क्रिय द्रावाहून, सरस ठरले नाही. कल्पना चुकीची होती असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र हे अपयश मराठीत छापून आल्याचे मला तरी आठवत नाही.

अर्धवट बातमीचा धोका प्रत्यक्ष रुग्णाला असतो. बीटा ब्लॉकर दीर्घकाळ घेतल्यावर पेशी रिसेप्टरची संख्या वाढवतात, त्यामुळे नव्या औषधाच्या आशेने कोणी चालू गोळी एकाएकी बंद केली, तर छातीतील वेदना उसळू शकतात, प्रसंगी झटकाही येऊ शकतो. अशा बातमीखाली ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नये’ ही एक ओळ छापायला फार जागा लागणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक