जुन्या सायकलचं वय आणि मोल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जुनी सायकल हाती लागली, छान झालं. तिचं वय आणि मोल कसं ओळखायचं, ते सांगतो. पण अजून धुऊ नकोस, पॉलिशला तर हातच लावू नकोस. वय सांगणाऱ्या खुणा नेमक्या त्या मळाखालीच असतात.

फ्रेमचा नंबर तू आधी शोधशीलच. तो बॉटम ब्रॅकेटखाली (पेडलचा आस ज्यात फिरतो त्या आडव्या नळीखाली) किंवा सीटपाइपच्या वरच्या टोकाशी ठोकलेला असतो. त्यावरून लगेच साल ठरवू नकोस. कित्येक कारखान्यांनी तेच आकडे पुन्हा पुन्हा वापरलेत. त्यापेक्षा मागचा हब, म्हणजे मागच्या चाकाचा मधला तुंबा, खरं बोलतो. स्टर्मी-आर्चर या इंग्रज कंपनीचा ‘एडब्ल्यू’ नावाचा तीन गिअरचा हब असेल तर रॉकेलच्या बोळ्याने त्याचं कवच पूस. ‘६२’ आणि शेजारी ‘३’ दिसलं, तर हब मार्च १९६२चा. शिमानो या जपानी कंपनीच्या जुन्या भागांवर दोन अक्षरं असतात: पहिलं सालाचं (ए म्हणजे १९७६), दुसरं महिन्याचं. ‘सीडी’ म्हणजे एप्रिल १९७८. मात्र २००२पासून सालाची अक्षरं पुन्हा ‘ए’पासून सुरू झाली, तेव्हा भागाची घडणही बघ. कॅम्पान्योलो या इटालियन कंपनीच्या नुओव्हो रेकॉर्ड डिरेलरवर (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागावर) ‘पेटंट-७४’ असं सरळ सालच असतं.

अर्थात ही तारीख त्या भागाची, सायकलची नव्हे. चाकं बदलली जातात. हब, क्रँक (पेडलचा दांडा), ब्रेक असे तीन-चार भाग एकाच काळाचे निघाले, तरच विश्वास ठेव. नुसत्या कॉटरपिनच्या (पाचरीसारख्या खिळीने बसवलेल्या) क्रँकवर भुलू नकोस, साध्या सायकलींवर ती फार उशिरापर्यंत होती. पिवळसर झाक असलेला निकेलचा मुलामा दिसला तर मात्र थांबून बघ. क्रोमचा मुलामा १९३०च्या सुमारास रुळला, म्हणजे निकेलचा भाग त्याआधीचा असू शकतो.

आता मोल. नुसत्या वयाला कोणी पैसे देत नाही. मूळ रंग, मूळ भाग आणि शाबूत फ्रेम, एवढंच विकलं जातं. नंबरच्या खाचा रंगाने बुजल्या असतील किंवा सीटच्या क्लॅम्पखाली वेगळा रंग असेल, तर सायकल पुन्हा रंगवलेली आहे. गंजलेला का होईना, मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा मोलाचा, हे माझं ठाम मत.

मग हँडलखालच्या उभ्या नळीमागे, खालच्या तिरप्या नळीच्या पोटावरून बोट फिरव. रंगाला सुरकुती किंवा आडवी चीर लागली, तर सायकल समोरून आदळलेली आहे आणि नळी दबलीय. तिथे किंमत निम्म्याहून खाली धर. पुढचं चाक धरणारा चिमटा बाजूने बघ, मागे वाकलेला नको. चाक उचलून हँडल सावकाश फिरव. मधोमध अडकलं तर हँडलच्या बेअरिंगमधल्या छर्ऱ्यांनी त्यांच्या कपांत खड्डे पाडलेत. तो खर्च किरकोळ, कप मिळाले तर.

शेवटी सीटपोस्ट, म्हणजे सीट ज्यावर बसते तो दांडा. बोल्ट ढिला करून पिळून बघ. पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं राहिला की गंजून चिकटतो, आणि काढताना कधी फ्रेमच जाते. हलत नसेल तर हातोडा मारू नकोस, आत झिरपणारं तेल सोडून दोन-तीन दिवस ठेव.

हबचा, नंबरचा आणि त्या तिरप्या नळीच्या पोटाचा जवळून फोटो पाठव. धुण्याआधीचा.

तुझा,
मित्र