बाकावर ठेका धरला म्हणजे लक्ष नाही?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात नातीच्या डायरीत शेरा आला : 'वर्गात लक्ष नसते. शिकवताना बाकावर बोटे वाजवते.' भुसावळला रेल्वेच्या डबे-तपासणीत माझी उभी नोकरी कानाच्या भरवशावर झाली, म्हणून हे पत्र.

गाडी फलाटाला लागताना आम्ही रुळालगत उकिडवे बसायचो. ब्रेक धरून चाक घासले आणि एका जागी चपटे झाले, की दर फेऱ्याला एक ठोका पडतो. डब्याचे नवे चाक 915 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे फेरा पावणेतीन मीटरहून थोडा मोठा. ताशी 30 किलोमीटरला सेकंदात जवळजवळ तीन ठोके. 13 मीटरच्या जुन्या रुळांच्या सांध्यांची खटक-खटक निराळी, संथ. (आता मेन लाइनला रूळ जोडून टाकलेत, ती मजा गेली.) एवढ्या गदारोळात चपटे चाक पकडायचे कसे? मांडीवर बोटांनी ठेका धरून. आमचे उस्ताद मध्ये कुणी बोलले की हात वर करायचे, "मोजू दे रे भो!" ठेका बसला की पुढचा ठोका कधी पडणार ते कानाला आधीच ठाऊक, तो दबा धरूनच असायचा. बोटे थांबली की नुसता खडखडाट.

याचा अभ्यासही झाला आहे, हे निवृत्तीनंतर वाचले. मानसशास्त्रज्ञ थॅडियस बोल्टन यांनी 1894 मध्ये लोकांना अगदी एकसारखे ठोके ऐकवले, तर ऐकणारे मनातच त्यांचे दोन-दोन, चार-चारचे गट पाडत. 2002 मध्ये मानसशास्त्रज्ञ मारी रीस जोन्स आणि सहकाऱ्यांनी एका ठेक्यात सूर ऐकवून शेवटच्या सुराची उंची (तो किती चढा की उतरता) ओळखायला लावली. सूर ठेक्यावर आला तर उत्तरे जास्त बरोबर, आधी किंवा उशिरा आला तर चुका वाढल्या.

नातीला विचारले, "त्या दिवशी बाईंनी काय शिकवलं गं?" तिने टेबलावर बोटे वाजवत तापीला डावीकडून मिळणाऱ्या नद्या सांगितल्या : पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. क्रमही चुकला नाही.

शेजारच्या मुलीला त्रास होतो हे मात्र बाईंचे खरे. म्हणून यापुढे बुटातल्या बुटात अंगठा हलवायचा, असे आमचे ठरले आहे. शेऱ्याखाली मी सही केली. 'लक्ष नसते' या शब्दांवर फक्त पेन्सिलीने रेघ मारली.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ