कापडाच्या आत काय दडले आहे, तेही विचारावे

संपादक महोदय,

वस्त्रकलेविषयी लिहिताना कापड, रंग आणि टाके यांची सविस्तर चर्चा होते. परंतु वळणे घेणाऱ्या किंवा छतापासून लोंबणाऱ्या कलाकृतीला आकार देणारी आतली नळी आणि तिला ताण देणारे वजन यांच्याविषयी सहसा कोणी अवाक्षर काढत नाही. ती कलाकृती किती वर्षे टिकेल हे बऱ्याच अंशी याच साहित्यावर ठरते, म्हणून हा पत्रप्रपंच.

पारदर्शक पीव्हीसी नळी स्वस्त आणि सहज मिळणारी असल्याने हात प्रथम तिच्याकडे जातो. तिला मऊ ठेवणारे द्रव्य मात्र कालांतराने पृष्ठभागावर झिरपून ती चिकट होते, पुढे पिवळी व ताठ पडते; शिवाय पीव्हीसीचे विघटन होताना सुटणारा आम्लधर्मी वायू सुती धाग्याला कमकुवत करतो. रबरातील गंधकामुळे शेजारची चांदीची जरतार काळवंडते आणि खुद्द रबरही हवेने भेगाळते. पॉलिएथिलीन टिकाऊ असते, पण जरा ताठर. सिलिकॉनची नळी महाग पडते आणि तिला साधा गोंद धरत नाही, त्यामुळे ती कापडी खोळीतच बसवावी लागते. तरीही घट्ट वळणांसाठी मी तिचीच शिफारस करीन. विक्रेत्याच्या सांगण्यावर विसंबायचे नसेल तर तुकडा पाण्यात टाकून पाहावा: पॉलिएथिलीन तरंगते, पीव्हीसी आणि सिलिकॉन बुडतात.

जाडीचा अंदाज तर हमखास चुकतो. नळीची भिंत पातळ असली की ती वळणावर चेपते. उलट, भिंतीच्या जाडीचे व्यासाशी असलेले प्रमाण तेच राखून व्यास दुप्पट केला, तर वाकण्याला होणारा विरोध दुप्पट नव्हे, 16 पट होतो. म्हणून पूर्ण लांबी विकत घेण्याआधी वीतभर तुकडा खऱ्या कापडात घालून वाकवून पाहणे शहाणपणाचे.

वजनासाठी शिशाचा मोह होतो, कारण त्याची घनता पाण्याच्या 11.34 पट, तर पोलादाची सुमारे 7.8 आणि साध्या काचेची 2.5 आहे. पण शिसे विषारी आहे, आणि लाकडातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी त्यावर पांढरी भुकटी धरते. साधे लोखंडी छर्रे गंजतात व त्यांचे डाग तंतूही खातात. धान्य भरणे म्हणजे किडीला आमंत्रणच. स्टेनलेस स्टीलचे छर्रे किंवा घट्ट विणीच्या दुहेरी पिशवीतले काचमणी हे त्यातल्या त्यात निर्धोक पर्याय. वजन एकाच जागी न ठेवता छोट्या कप्प्यांत विभागावे आणि त्याचा भार दर्शनी कापडावर न टाकता आतल्या मजबूत पट्टीवर टाकावा. (एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेशीम भारदस्त वाटावे म्हणून त्यात कथिलाचे क्षार मुरवीत, ते रेशीम आज चिरफाळत आहे.)

माझी सूचना एवढीच, की प्रदर्शनांच्या आयोजकांनी आणि कलाशाळांनी प्रवेशिकेत आतील साहित्यासाठी एक रकाना ठेवावा. नळी कशाची, वजन कशाचे व किती, आणि ते शिवण उसवून काढता येते का, एवढी नोंद असली तरी कलाकृती टांगणाऱ्याला आणि पुढे तिची दुरुस्ती करणाऱ्याला ती पुरेल.

कळावे,
एक वस्त्रकलाप्रेमी वाचक